काशिनाथ मेस्त्री आणि बिनखिडक्यांचं घर

काशिनाथ मेस्त्रींना कुवेतमध्ये सत्तावीस वर्षं झाली होती आणि या सत्तावीस वर्षांत हातात आलेल्या प्रत्येक नकाशाला त्यांनी नावं ठेवली होती. या व्हिलाच्या जिन्यात उजेड नाही, त्या दिवाणियाच्या, पुरुषांच्या बैठकीच्या, दारावर कमान उगाचच, मजुरांच्या खोल्यांना वारा कुठून येणार. नावं ठेवून झाली की ते ओळंबा काढायचे आणि नकाशात असेल तसंच, पण नकाशापेक्षा सरळ बांधून द्यायचे. वाळवंटातल्या कब्दच्या मनोऱ्याचा नकाशा पुढ्यात आला तेव्हा मात्र नावं ठेवायला सुरुवात कुठून करावी हेच त्यांना कळेना.

अम्गऱ्यात त्यांच्या ठेकेदाराचं यार्ड होतं. तिथे प्लायवूडच्या थप्पीवर साइट इंजिनियर प्रणिताने तो नकाशा पसरला. प्रणिता पुण्याची, तिशीतली, सालमियात राहणारी. मेस्त्री मालवणकडचे, चिऱ्याचं बांधकाम करणाऱ्या गवंड्याचे चिरंजीव, वय अठ्ठावन्न. चारचौघांत ते तिला मॅडम म्हणत आणि चिडले की बाय.

"ह्या काय?" मेस्त्रींनी विचारलं.

"टॉवर हाउस. आयर्लंडमधलं."

"घर की बुरूज?"

"दोन्ही. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडचे जमीनदार, सरदार असलंच घर बांधायचे. शेजाऱ्याशी कायम भांडण, गुरं पळवायचे एकमेकांची. म्हणून राहायचं घरच किल्ल्यासारखं. खाली कोठार, वर बिछाने, सगळ्यात वर मालकाची बैठक."

मेस्त्रींनी चष्मा चढवला आणि नकाशावर बोट फिरवलं. तळाच्या भिंती चार फूट जाड. त्याही सरळ नाहीत, पायथ्याशी बाहेर फेंगडलेल्या. दार एकच, तेही माणसाला वाकून जावं लागेल एवढं.

"खिडकी खंय आसा?"

प्रणिताने भिंतीतली एक उभी फट दाखवली. बाहेरून चार बोटं रुंद, आतून पसरट.

"ही खिडकी? हेच्यातून मांजर तरी जायत काय?"

"जाऊ नये म्हणूनच तशी आहे, मेस्त्री. आतून बाण मारायचा, बाहेरून कोणी आत यायचं नाही."

"कब्दात बाण कोण मारतलो?"

प्रणिताने स्वतःला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. तिकडे एका राजाने कायदाच केला होता म्हणे, की वीस फूट लांब, सोळा फूट रुंद आणि चाळीस फूट उंच असा मनोरा जो बांधेल त्याला सरकारी मदत मिळेल. त्यावर मेस्त्रींचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. "म्हणजे घरकुल योजना," ते म्हणाले. मग पुन्हा नकाशाकडे पाहिलं आणि पुन्हा वैतागले. सरकारी मदतीतलं बांधकाम असलंच असायचं.

मालकाचं नाव डॉक्टर मिशारी. पंचेचाळिशीचा कुवेती माणूस, मुलांच्या हाडांचा डॉक्टर. शिक्षण आयर्लंडमध्ये, गॉलवेला झालेलं. कब्दला त्याची वडिलोपार्जित जागा होती. घोड्यांचा एक तबेला, थोडी खजुराची झाडं. आजूबाजूच्या लोकांनी तिथे पोहण्याचे तलाव आणि काचेच्या बैठका बांधल्या होत्या. याला हवा होता आयरिश मनोरा, तोही खऱ्या दगडाचा, खऱ्या चुन्यातला. दगड अमिरातीतल्या रास अल-खैमाहून आला, चुना पोत्यांतून युरोपातून आला, आणि ज्याला दगड घडवता येतो असा ठेकेदाराकडे एकच माणूस होता.

काम सुरू झालं आणि मेस्त्रींचं डोकं रोज नव्या गोष्टीने उठू लागलं. फेंगडलेल्या पायथ्यासाठी प्रत्येक दगडाचं तोंड तिरकं घडवायचं. ज्या माणसाने जन्मभर ओळंब्याला चिकटून भिंत उचलली, त्याने आता दर थराला भिंत ओळंब्यापासून किती लांब गेली ते मोजायचं. चुना सिमेंटसारखा झटपट धरत नाही; कोरड्या हवेत नुसता सुकतो आणि भुगा होतो. म्हणून गोणपाटं भिजवून भिंतीवर लटकवायची आणि दिवसातून पाच वेळा पाणी मारायचं. मजूर हसायचे. "मेस्त्री, दीवार को बुखार है क्या?" मुकादम अशरफ विचारायचा. तो केरळचा, गोड बोलून काम काढणारा.

दाराच्या आत, डोक्यावरच्या छतात एक चौकोनी भोक सोडायचं होतं. ते कशासाठी, हे प्रणिताने सांगितल्यावर मेस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. शत्रू दार फोडून आत आला की वरून त्याच्या डोक्यावर दगड टाकायचे, उकळतं पाणी ओतायचं.

"म्हणजे पाहुणो दारात इलो की पयला त्याच्या टाळक्यावर भोक?"

"पाहुणा नाही हो, शत्रू."

"दार एकच आसा. पाहुणो खयसून येतलो मग?"

त्या भोकाचा प्रश्न शेवटी अशरफने सोडवला. त्यातून एसीचा डक्ट खाली आणला. डॉक्टर दोन दिवस रुसला, पण मार्चनंतर त्या मनोऱ्यात एसीशिवाय कोणी बसू शकणार नाही हे त्यालाही कळत होतं.

खरी वादावादी झाली जिन्यावरून. भिंतीच्या जाडीतच गोल वळत जाणारा दगडी जिना, प्रत्येक पायरी मधल्या खांबाशी अरुंद, बाहेर रुंद. अवघड काम. मेस्त्रींनी ते अडीच महिने केलं, आणि बत्तीसच्या बत्तीस पायऱ्या अशा बसवल्या की डोळे मिटून चढावं. डॉक्टर चढला, उतरला, खूश झाला आणि मग म्हणाला, की अठरावी पायरी दोन इंच उंच करा.

प्रणिताने भीत भीत भाषांतर केलं. "तिकडच्या मनोऱ्यांत एखादी पायरी अशी वेडीवाकडी असते. घरच्यांना माहीत असतं. परका अंधारात धावत आला की अडखळून पडतो."

मेस्त्रींनी थापी धुतली, पुसली, पिशवीत ठेवली. हे वाईट लक्षण होतं. मग ते सावकाश म्हणाले, "सत्तावीस वर्षं हय आसंय. त्याच्याआधी धा वर्षं गावात. माझ्या पायरीवरून अजून कोण पडूक नाय. आता म्हाताऱ्या वयात मी लोकांका पाडूक बसू?"

प्रणिताने घरी जाऊन शोधाशोध केली आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, की काही अभ्यासकांच्या मते त्या पायऱ्या मुद्दाम केलेल्याच नाहीत. गवंड्याचं माप चुकलं किंवा नंतर कोणीतरी दुरुस्ती केली, एवढंच. तिला वाटलं, याने मेस्त्रींचं समाधान होईल. झालं उलटंच.

"बघलंस, बाय? कोणीतरी काम बिघडवल्यान, आणि पाचशे वर्षांनी लोक त्याका हुशारी म्हणतत!"

डॉक्टर हटेना. शेवटी बाहेरून आणलेल्या गवंड्याने ती पायरी काढून उंच बसवली. ते काम चालू असताना मेस्त्री तबेल्याच्या सावलीत पाठ करून बसले. "त्या पायरेक माझा नाव लावू नकात," एवढंच त्यांनी सांगून ठेवलं.

पण हे सगळं त्यांनी गिळलं. गिळता आलं नाही ते छत.

वरचे मजले तुळयांवर उभे झाले होते; तळमजल्यावरच्या खोलीला दगडी कमानीचं छत घालायचं राहिलं होतं, उपड्या होडीसारखं. मेस्त्रींनी लाकडी साचे उभे केले, त्यावर प्लायवूड वाकवून ठोकलं, वरून चुना पसरून दगड उभे रचत गेले आणि मधला शेवटचा दगड ठोकून कमान बंद केली. साचा उतरवल्यावर खालच्या बाजूने तेरा दिवस चुन्याचा गिलावा घोटला. इतका, की मोबाइलचा उजेड पाडला तर सबंध छतावर एक सावली दिसू नये. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून असं काम झालं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. डॉक्टर यायच्या दिवशी त्यांनी शर्ट बदलला.

डॉक्टर आत आला, वर पाहिलं, हात उंचावून छत चाचपलं. त्याचा चेहरा पडला.

"मेस्त्री, नो," तो म्हणाला. "सेम सेम नहीं."

मग प्रणिताशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. प्रणिताने मेस्त्रींकडे न बघता सांगितलं, "त्यांना छतावर साच्याच्या खुणा हव्यात."

"कसल्या खुणा?"

"तिकडे प्लायवूड कुठून असणार? ते ओल्या काड्यांची चटई विणायचे, ती साच्यावर अंथरायचे, वर चुना नि दगड. साचा काढला की चटईचे वळ चुन्यात राहायचे. ते अजून आहेत तिथे. त्यांना तेच हवेत."

"सेंटरिंगचे वळ," मेस्त्री म्हणाले.

"हो."

"जल्मभर मी सेंटरिंगचे वळ घासून काढलंय. वळ रवलो तर मुकादम पगार कापी. आणि ह्येका वळ व्हये?" त्यांचा आवाज त्या कमानीखाली घुमला. बाहेरचे मजूर काम थांबवून पाहू लागले. "मॅडम, ह्येका सांगा, दुसरो मेस्त्री बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ दुखायला लागली. तिसऱ्या दिवशीही दुखत होती. अशरफने तोवर बाजारातून नक्षीचे रबरी ठसे आणले. गिलाव्यावर दाबले की झाली चटई. डॉक्टरने ते पाहून अशरफला ठशांसकट गाडीत बसवून परत पाठवलं.

त्या संध्याकाळी मेस्त्रींनी खोलीतून गावी फोन लावला. रत्नमाला, त्यांची बायको, अंगणातूनच बोलत होती. दोन दिवस कामावर नाही म्हटल्यावर तिने आधी पाठीला तेल लावायला सांगितलं, मग विचारलं, खरं काय झालं?

"काय नाय गो. सगळा काम फोडूक सांगल्यान. तेरा दिवस घोटलेला."

"वाईट झाला होता?"

"वाईट?" मेस्त्री उसळले. "आरशासारखा झाला होता!"

"मग तेका आरसो नको असात," रत्नमाला म्हणाली आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी प्रणिता यार्डात आली. मेस्त्री सिमेंटच्या पोत्यांवर बसून चहा पीत होते. ती समजूत घालायला आलीय, हे त्यांनी ओळखलं आणि तोंड फिरवलं. तिने टॅब्लेट त्यांच्या मांडीवर ठेवला. डॉक्टरने तरुणपणी काढलेला फोटो होता, आयर्लंडमधल्या खऱ्या मनोऱ्याच्या छताचा.

मेस्त्रींनी नाइलाजाने पाहिलं. मग चहा खाली ठेवला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"हो तर कूड," ते म्हणाले.

"काय?"

"कूड. आमच्या गोठ्याक होतो. उभे बांबू रोवूचे, त्यातसून काटक्यो विणूच्यो, एक पुढसून, एक मागसून. आवशीबरोबर मी विणलेलो." त्यांचं बोट चुन्यातल्या वळांवरून सरकत होतं. "हय बघ. हय नवीन काडी लावल्यान. टोक आत घालूक होया होता, घालूक नाय. आणि ही काडी मोडली, तरी तशीच दामटल्यान. घाय केल्यान गधड्यान." ते आणखी पुढे सरकले, थांबले, मान तिरकी केली. "हो डावरो होतो."

"कोण?"

"विणणारो. पीळ बघ खय वळता. उजव्या हाताचो माणूस असो वळवचो नाय."

प्रणिताने पाहिलं. तिला नुसत्या रेघा दिसल्या. "पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस आहे तो, मेस्त्री."

"असात. काम बेकार केल्यान म्हणून काय सांगूचा नाय?"

दुपारी ते कब्दला होते. तेरा दिवस घोटलेलं छत त्यांनी स्वतः फोडलं. पहिला घाव दुसऱ्या कोणाला घालू दिला नाही.

आता काड्या हव्या होत्या. अशरफने चिनी बांबूच्या तयार चटया आणल्या, यंत्रावर विणलेल्या, एकसारख्या. मेस्त्रींनी त्या उलगडल्यासुद्धा नाहीत. कुवेतमध्ये कारवी नाही, हिरवा बांबू नाही. होते खजुराच्या झावळ्यांचे दांडे. वफ्राच्या बागांमध्ये छाटणी चालू होती. तिथून एक पिकअप भरून दांडे आले. मेस्त्रींनी ते उभे चिरले आणि विणायला घेतले, तर पहिलीच काडी कडकन मोडली. दुसरीही. मग सगळे दांडे पाण्याच्या टाकीत दोन दिवस बुडवले. भिजल्यावर ते वाकले, पण कडांनी हात कापू लागले. मजुरांना शिकवलं, त्यांनी विणलेलं उसवलं, परत शिकवलं. एक मजूर घट्ट विणायचा, दुसरा सैल, आणि मेस्त्री दोघांवर ओरडायचे. अकरा चटया लागणार होत्या. पहिली पूर्ण व्हायला चार दिवस गेले.

एका दुपारी डॉक्टर आला आणि पालथ्या बादलीवर बसून विणकाम बघू लागला. बऱ्याच वेळाने तो प्रणिताला काहीतरी सांगू लागला आणि ती मेस्त्रींना.

तो एकोणीस वर्षांचा असताना गॉलवेला गेला होता. वर्षभर पाऊस. लोकांचं इंग्रजी कळेना, जेवण जाईना. शनिवारी तो बस पकडून एका खेड्यात जायचा. तिथे शेतात एक जुना मनोरा होता आणि त्याची किल्ली शेजारच्या घरातल्या म्हातारीकडे असायची. ती काही न विचारता किल्ली द्यायची. हा तळाच्या खोलीत आडवा पडून छताकडे बघायचा. ते वळ बघून त्याला वाटायचं, बांधणारा आत्ताच हात धुवायला बाहेर गेलाय आणि येईल परत. तेवढीच सोबत.

मेस्त्री ऐकत होते, हात चालू होते. भाषांतर संपल्यावर ते प्रणिताला म्हणाले, "ह्या ह्येणां पयल्या दिसाक सांगूक होया होता. मी तेरा दिवस खुळ्यासारखो घोटीत बसलंय."

प्रणिताने ते सांगितलं. डॉक्टर ओशाळून म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही."

"विचारूक नाय!" मेस्त्रींनी काडी आवळली. "नकाशो दिल्यान. नकाशात ह्या खंय लिवलेला?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चटया साच्यावर चढल्या. चुना पसरला, दगड रचले, मधला दगड ठोकला. महिनाभर ओली गोणपाटं. मग एका सकाळी मेस्त्रींनी साच्याखालच्या पाचरी एकेक करून सैल केल्या. प्रत्येक पाचरीनंतर ते थांबून वर कान लावत. कमान बोटभरही खाली बसली नाही. साचे निघाले, पण चटया छतालाच चिकटून राहिल्या. त्या ओढून काढाव्या लागल्या, आणि मग दिसलं: सबंध छतावर काड्यांची वीण, वर-खाली, वर-खाली, घट्ट मजुराची एका बाजूला आणि सैल मजुराची दुसऱ्या.

एका कोपऱ्यात चटईबरोबर थाळीएवढा चुना सुटून आला होता. मेस्त्री लगेच थापी घेऊन धावले.

"नो, मेस्त्री," डॉक्टर म्हणाला. "छोड दो."

"असा कसा सोडू? घाण दिसता!"

"वहाँ भी ऐसा है."

मेस्त्रींनी थापी आपटली. डॉक्टर हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि असल्या माणसाशी भांडावं कसं, हे त्यांना सुचेना.

आठवड्याने डॉक्टरची आई आली. उम्म मिशारी ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी. मुलाने वडिलांच्या जागेवर तुरुंग बांधलाय, असं त्या वर्षभर सगळ्या नातेवाइकांना सांगत होत्या. दारातून वाकून आत येताना त्यांनी मुलाला दोन शब्द सुनावले. मग वर पाहिलं आणि काठी टेकून थांबल्या.

"अरीश," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने सांगितलं, की आईच्या लहानपणी उन्हाळ्यात घरातले सगळे खजुराच्या काड्यांच्या झोपडीत झोपायचे. त्या झोपडीचं हे नाव. म्हातारीने विचारलं, हे कोणी विणलं? डॉक्टरने मेस्त्रींना पुढे केलं. तिने त्यांना हात पुढे करायला लावले, कापलेले, चुन्याने फुटलेले तळवे जवळून पाहिले, आणि मुलावर अशी काही बरसली की भाषांतराची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हाती मलमाची डबी आली आणि तिच्याबरोबर म्हातारीची खुर्चीही आली. खुर्ची तळाच्या खोलीत लागली. वरची भली मोठी बैठक, तिची दगडी शेकोटी, सगळं तसंच रिकामं राहिलं. दर शुक्रवारी अख्खं कुटुंब खाली, कोठाराच्या जागी, म्हातारीभोवती बसू लागलं. तीन महिने खपून वरची बैठक बांधणाऱ्या माणसाला ते बघवत नसे.

मेस्त्रींचं बारा मेचं तिकीट होतं. कायमचं परत जायचं असं ठरलं होतं. रत्नमालेने गावात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. आठ मेला डॉक्टर नवा नकाशा घेऊन आला. मनोऱ्याभोवतीच्या अंगणाची भिंत. आयर्लंडमध्ये रात्री गुरं आत घ्यायला अशी भिंत असायची, त्याला आत मेंढ्या ठेवायच्या होत्या.

"माका बघूचाच नाय," मेस्त्री म्हणाले आणि चष्मा चढवला. "दार हय कोणी काढल्यान? हय वायव्य. वारो थयसूनच येता, सगळी धूळ आत येतली. आणि एवढी लांब भिंत, मधी एक आधार नाय. बाय, पेन्सिल दी."

संध्याकाळी त्यांनी रत्नमालेला सांगितलं, की सप्टेंबरात सहा महिन्यांसाठी परत यावं लागेल. ती म्हणाली, "त्या डॉक्टराचो तुमका एवढो वैताग येता, मगे परत कशाक?"

"मी नसलंय तर ते दार वायव्येक ठेवतले," मेस्त्री म्हणाले.

ते बारा मेला गेले आणि तीन सप्टेंबरला परतले. त्यांच्या गैरहजेरीत कोणी दगडाला हात लावला नाही. भिंत फेब्रुवारीत पूर्ण झाली. दार आग्नेयेला आहे.